सातव्या डब्यात ताण शून्य

मुंबईहून पुण्याला जाताना गाडी कर्जतला थांबते ती वडापावासाठी नव्हे, जरी डब्यातल्या निम्म्या लोकांचा तसा प्रामाणिक समज असतो. तिथे मागून इंजिन लागतं. शेवटच्या डब्यात बसला असाल तर ते कळतंही. आधी एक हलका धक्का बसतो, खिडकीच्या कडेवर ठेवलेल्या कपातला चहा थरथरतो, खाली रुळांवरून कुणीतरी कुणाला तरी हाक मारतं, हवेच्या पाइपचा फुसकारा ऐकू येतो आणि गाडी पळसदरीच्या दिशेने सरकू लागते. पुढे भोर घाट. १८६३ साली हा मार्ग सुरू झाला, आणि तेव्हापासून आजपर्यंत सह्याद्रीची ही भिंत चढणं हा रेल्वेसाठी बलांच्या वाटणीचा प्रश्न राहिला आहे.

मी अकरावी-बारावीच्या मुलांना भौतिकशास्त्र शिकवतो. ‘जोडलेल्या वस्तू’ हा भाग आला की फळ्यावर तेच चित्र येतं: तीन ठोकळे, मध्ये दोन दोऱ्या, उजव्या टोकाला बाण. प्रत्येक दोरीतला ताण काढा. दर वर्षी अर्धा वर्ग दोन्ही दोऱ्यांत सारखाच ताण लिहितो आणि तोही बाणाइतकाच. यंदा मी ती चूक दुरुस्त करत असताना कर्जतहून रोज लोकलने येणाऱ्या एका मुलाने हात वर केला. “सर, आमच्याकडे गाडीला मागूनपण इंजिन लावतात. मग दोरी सैल पडणार ना? तिथला ताण किती लिहायचा? ऋण?”

पुस्तकातल्या ठोकळ्यांपेक्षा हा प्रश्न कितीतरी चांगला होता. पुढचे दोन तास आम्ही तोच सोडवला.

गाडीची मांडणी

आकडे खऱ्याच्या जवळचे, पण हिशेबाला सोयीचे घेतले. पुढे डब्ल्यूएपी-७ जातीचं इंजिन, वजन १२३ टन. मागे २० डबे, प्रवाशांसकट प्रत्येकी ५० टन धरू, म्हणजे एकूण १००० टन. सगळ्यात मागे दोन बँकर इंजिनं, डब्ल्यूएजी-७ जातीची, तीही प्रत्येकी १२३ टनांची. ‘बँकर’ हे घाट चढायला मागून जोर देणाऱ्या इंजिनाचं रेल्वेतलं नाव.

घाटातली सर्वांत तीव्र चढण ३७ ला १ अशी आहे. म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. कोन काढला तर जेमतेम दीड अंश भरतो. वर्गातल्या मुलांना हे ऐकून हसू आलं. दीड अंश म्हणजे काय, घराच्या गच्चीला पाणी वाहून जायला ठेवतात तेवढा उतार! पण थांबा.

एका टनाचं वजन ९.८ किलोन्यूटन. उताराच्या दिशेने त्याचा सदतिसावा भाग मागे ओढतो, म्हणजे ०.२६५ किलोन्यूटन. शिवाय चाकांचा, बेअरिंगचा, हवेचा आणि घाटातल्या वळणांचा मिळून विरोध दर टनी ०.०३५ धरला. बेरीज ०.३० किलोन्यूटन. याला आम्ही ‘टनाचा भाव’ म्हणालो. गाडी एकसारख्या वेगाने चढत ठेवायची तर प्रत्येक टनामागे ०.३० किलोन्यूटन मोजावे लागणार. सपाट, सरळ रुळांवर कमी वेगात हाच भाव ०.०२ च्या आसपास असतो. दीड अंशाने भाव पंधरापट केला. हसू थांबलं.

आता ५० टनांचा एक डबा १५ किलोन्यूटन मागतो आणि १२३ टनांचं इंजिन स्वतःला वर नेण्यासाठी ३६.९. पुढचा सगळा हिशेब या दोन आकड्यांवर उभा आहे.

आधी बँकर नाहीत असं समजू

एकटं पुढचं इंजिन. एकूण वस्तुमान ११२३ टन, त्याला लागणारं बल ११२३ × ०.३० = ३३६.९ किलोन्यूटन. डब्ल्यूएपी-७ गाडी हलवताना जास्तीत जास्त सुमारे ३२३ किलोन्यूटन ओढ देतं. म्हणजे वेग टिकवायलाच १४ किलोन्यूटन कमी पडतात. न्यूटनचा दुसरा नियम लावला तर त्वरण उणे येतं, साधारण ०.०१२ मीटर प्रति सेकंद वर्ग. गाडी जोरात आली तर थोडी वर जाईल, मंदावेल, थांबेल. आणि एकदा थांबली की त्या चढावर पुन्हा सुटणार नाही.

हे कोरड्या रुळांवर. ३२३ किलोन्यूटन ओढायला चाकं आणि रूळ यांच्यातली पकडही तेवढी हवी. इंजिनाचं वजन सुमारे १२०५ किलोन्यूटन, म्हणजे घर्षणांक ०.२७ च्या आसपास पाहिजे. जुलैत घाटात पाण्याचे लोट वाहत असताना तो ०.१५ वर आला तर ओढ १८१ किलोन्यूटनांवरच अडकते आणि चाकं जागच्या जागी फिरू लागतात. इंजिनातून रुळांवर वाळू सोडतात ती याचसाठी.

“मग पुढेच तीन इंजिनं लावा ना सर.”

लावता येतील. तीन इंजिनं धरून एकूण वस्तुमान १३६९ टन, लागणारं बल ४१०.७ किलोन्यूटन, प्रत्येक इंजिनाने १३६.९ दिले की झालं. ताकदीचा प्रश्न सुटला. मग तिसऱ्या इंजिनाच्या आणि पहिल्या डब्याच्या मधल्या कपलिंगकडे, म्हणजे त्या दोघांना बांधणाऱ्या जोडाकडे पाहू. त्याच्या मागे २० डबे, १००० टन. तिथला ताण १००० × ०.३० = ३०० किलोन्यूटन. पुढच्या कपलिंगवर २८५, त्याच्या पुढच्यावर २७०, असं प्रत्येकी १५ ने उतरत शेवटच्या डब्याच्या आधी १५ उरतो.

अर्ध्या वर्गाची ती जुनी चूक इथे आपोआप निघाली. दोरी एकच असली, तिला वजन नसलं आणि मध्ये काही बांधलेलं नसलं तरच तिच्यात सगळीकडे ताण सारखा. मध्ये डबा आला की तो आपला वाटा काढून घेतो आणि उरलेला मागे पाठवतो. लग्नाच्या पंगतीत वाढपी पुढून मागे जातो तसं.

इथे एक सवय लावून घ्यावी, असं मी मुलांना बजावतो. गाडी मनातल्या मनात कुठेही कापा. कापलेल्या जागेच्या फक्त एका बाजूला काय आहे ते बघा: त्या बाजूचं वस्तुमान, त्या बाजूची इंजिनं. दुसरी बाजू विसरा, ती तुमच्यासाठी कपलिंगमधल्या एका बाणापुरतीच उरली. हे न करता पूर्ण गाडीचं समीकरण मांडून त्यात मधला ताण शोधणारी मुलं दर वर्षी असतात. पूर्ण गाडीच्या समीकरणात तो ताण नसतोच. सहावा डबा सातव्याला जेवढा ओढतो तेवढंच सातवा सहाव्याला मागे ओढतो, आणि दोन्ही एकाच हिशेबात घेतले की कटतात.

तर पुढे तीन इंजिनं लावली तर पहिल्या कपलिंगवर ३०० किलोन्यूटन. धक्के बसले, इंजिनाने एकदम जोर दिला, तर क्षणभर त्याहून जास्त. आणि तेच कपलिंग तुटलं तर १००० टन उताराकडे तोंड करून मोकळे. हवेचा पाइप तुटल्यामुळे ब्रेक आपोआप लागतात हे खरं, पण घाटात कुणी एवढ्या एकाच गोष्टीवर विसंबत नाही.

मागून ढकलल्यावर

आता तीच तीन इंजिनं, तेच ४१०.७ किलोन्यूटन, फक्त दोन इंजिनं शेपटीला. प्रत्येकाने सारखा जोर दिला असं धरू.

पुढचं इंजिन १३६.९ देतं, त्यातले ३६.९ स्वतःवर खर्च करतं. पहिल्या कपलिंगवर १०० उरतात. मगाशी तिथे ३०० होते.

आता पंगत वाढायला घ्या. प्रत्येक डबा १५ घेतो. सहा डब्यांनी ९० घेतले. सहाव्या आणि सातव्या डब्यामधल्या कपलिंगवर उरले १०. सातव्याला १५ हवेत आणि पुढून आलेत फक्त १०. बाकीचे ५ कुठून येणार? मागून. म्हणजे सातव्या आणि आठव्या डब्यामध्ये ताण नाहीच, तिथे ५ किलोन्यूटनांचा दाब आहे. आठवा डबा सातव्याला ढकलतोय.

मागच्या टोकाकडून ताळा करू. दोन बँकरांचे २७३.८, त्यातून त्यांचे स्वतःचे ७३.८ गेले, विसाव्या डब्याच्या पाठीवर २०० किलोन्यूटनांचा जोर. मागून पुढे येताना तेरा डब्यांनी १९५ घेतले, उरले ५. तोच आकडा.

कर्जतच्या मुलाचा प्रश्न बरोबर होता. समीकरण मांडलं की सातव्या-आठव्याच्या मध्ये ताणाची किंमत ऋण येते. दोरी असती तर तिथेच गोष्ट संपली असती. दोरी ओढू शकते, ढकलू शकत नाही, त्यामुळे ऋण ताण याचा अर्थ ‘दोरी सैल पडली, दोन्ही वस्तू आता एकत्र चालत नाहीत, हिशेब नव्याने मांडा’ असा असतो. पण गाडीत दोरी नसते. जुन्या निळ्या डब्यांना मध्ये स्क्रू कपलिंगचा आकडा ओढायला आणि दोन्ही बाजूंना बफर ढकलायला, अशी कामाची विभागणी होती. प्लॅटफॉर्मवरून दोन डब्यांच्या मध्ये डोकावलात तर त्या बफरच्या गोल, ग्रीस लागलेल्या थाळ्या दिसायच्या. नव्या, एलएचबी जातीच्या डब्यांत मधलं एकच जाडजूड कपलर दोन्ही कामं करतं. म्हणून ऋण उत्तराला इथे अर्थ आहे: तेवढाच दाब.

म्हणजे गाडी चढत असताना पहिले सहा डबे ओढले जातायत, मागचे तेरा ढकलले जातायत आणि सातवा अर्धवट इकडे, अर्धवट तिकडे. त्याच्या आत कुठेतरी ताणही नाही, दाबही नाही. एकूण बल तेवढंच लागलं, पण कुठल्याही जोडावर येणारा सर्वांत मोठा भार ३०० वरून २०० वर आला आणि ओढणाऱ्या बाजूने पाहिलं तर १०० वर. शिवाय कुठलंही कपलिंग तुटलं तरी त्याच्या मागे गाडीला धरून ठेवणारी इंजिनं आहेतच. घाटात बँकर मागे का लावतात याची ही दोन्ही कारणं, आणि माझ्या मते दुसरं जास्त वजनदार.

“चुकलंय बहुतेक, सर”

दुसऱ्या तासाला मी मुलांना त्वरण घालायला सांगितलं. गाडी चढावर सुटतेय, त्वरण ०.०५ मीटर प्रति सेकंद वर्ग. टनाचा भाव ०.३० वरून ०.३५ झाला, कारण एका टनाला तेवढं त्वरण द्यायला ०.०५ किलोन्यूटन जास्त लागतात. एकूण बल ४७९. पुढच्या इंजिनाचा वाटा १५९.७, त्यातले ४३ त्याचे स्वतःचे, पहिल्या कपलिंगवर ११६.७. डब्याची मागणी १७.५. ११६.७ भागिले १७.५.

मागच्या बाकावरच्या एका मुलीने वही पुढे केली आणि म्हणाली, “चुकलंय बहुतेक, सर. परत ६.६७च आलं.”

चुकलं नव्हतं. तिला या सगळ्या प्रकरणातली गोम सापडली होती. चढ बदला, विरोध बदला, त्वरण बदला, प्रत्येक वेळी टनाचा भाव बदलतो, पण तो सगळ्यांसाठी सारखाच बदलतो: इंजिनासाठी, डब्यासाठी, बँकरसाठी. भागाकारात वर-खाली दोन्हीकडे तोच भाव असल्याने तो कटून जातो. उरतो फक्त वस्तुमानांचा हिशेब: १३६९ चा एक तृतीयांश ४५६.३ टन, त्यातून पुढचं इंजिन वजा केलं की ३३३.३ टन, म्हणजे सहा डबे आणि सातव्याचे दोन तृतीयांश. इंजिनांनी जोर सारखा वाटून घेतला तर शून्य ताणाची जागा सपाटीवरही तीच, घाटातही तीच. मी इतकी वर्षं हे गणित शिकवतोय, पण हे असं लखलखीत त्या दिवशीच दिसलं.

ती जागा हलते ती फक्त वाटणी बदलली तरच. पुढच्या लोको पायलटने जोर २५० किलोन्यूटनांवर नेला आणि बँकरांनी मिळून १६०.७ वर आणला, तर पहिल्या कपलिंगवर २१३.१ येतात आणि शून्य थेट पंधराव्या डब्यात जाऊन बसतं. उलट पुढच्या इंजिनाने फक्त स्वतःपुरते ३६.९ दिले तर वीसच्या वीस डबे ढकलले जातात आणि शेवटच्या डब्याच्या पाठीवर ३०० किलोन्यूटनांचा दाब येतो. हे कागदावर निरुपद्रवी दिसतं. घाटाच्या वळणावर तसं नसतं. ताणलेली माळ वळणावर आतल्या बाजूला ओढली जाते, दाबलेली माळ बाहेर फुगते. दाब फार वाढला आणि मधला एखादा डबा हलका असला, तर तो रूळ सोडू शकतो. म्हणून पुढच्या आणि मागच्या इंजिनांचा मेळ लागतो, शिट्ट्यांचे संकेत आणि वॉकीटॉकी त्यासाठीच.

आणि शून्याची जागा एका डब्यातून दुसऱ्यात सरकते तेव्हा वाटेतली कपलिंगं ओढीतून दाबात किंवा दाबातून ओढीत जातात. जोडांत थोडी ढिलाई असेल तर ती त्या क्षणी भरून निघते. घाटात मधूनच बसणाऱ्या गचक्यांमागे हेही एक कारण असतं.

आमच्या हिशेबाने एक गोष्ट मुद्दाम विसरली होती, ती सांगतो. २० डब्यांची गाडी साधारण पावणेपाचशे मीटर लांब. एवढी लांबी एका वेळी एकाच चढावर नसते, एकाच वळणावर तर नाहीच. पुढचं टोक बोगद्यातल्या वळणात आणि मागचं पुलावरच्या सरळ रुळावर असेल, तर दोन्हीकडे टनाचा भाव वेगळा, आणि मग सातवा डबा आपला मान सहाव्याला किंवा आठव्याला देतो.

प्रत्येक डब्याने आपलं आपण बघावं

याच गणिताची दोन उत्तरं रेल्वेने अलीकडे रुळांवर आणली आहेत. २०१९ मध्ये मुंबईहून नाशिकमार्गे दिल्लीला जाणारी राजधानी पुढे एक, मागे एक अशी दोन इंजिनं लावून चालवायला घेतली. दोन्ही पुढच्या केबिनमधून एकत्र चालतात. कसारा घाटाची चढणही ३७ ला १ चीच, पण तिथे बँकरसाठी थांबणं नको. आमचेच २० डबे घेतले तर दोन्ही इंजिनं प्रत्येकी १५० किलोन्यूटन डब्यांना देतात आणि शून्य बरोबर दहाव्या आणि अकराव्या डब्याच्या मध्ये पडतं.

दुसरं उत्तर १० फेब्रुवारी २०२३ पासून धावणारी मुंबई–सोलापूर वंदे भारत. ती भोर घाट बँकरशिवाय चढते. तिला वेगळं इंजिनच नाही, निम्म्या डब्यांच्या खाली मोटरी आहेत. समजा एक मोटरचा डबा आणि एक बिनमोटरचा अशी जोडी आहे आणि वजन आपलंच ५० टन. मोटरचा डबा ३० किलोन्यूटन देतो, १५ स्वतःला, १५ शेजाऱ्याला. पुढच्या जोडीला त्याच्याकडून काही नको. कुठल्याही कपलिंगवर १५ च्या वर ताण नाही, एकाआड एक कपलिंगवर तर शून्य. तीन इंजिनं पुढे लावल्यावर जिथे ३०० येत होते, तिथे १५. पकडीचा प्रश्नही सुटला, कारण निम्म्या गाडीचं वजन आता ओढणाऱ्या चाकांवर आहे.

कर्जतच्या मुलाने त्या रविवारी खास सातव्या डब्याचं तिकीट काढून पुणे गाठलं. सोमवारी म्हणाला, “काहीच जाणवलं नाही, सर.” जाणवणार कसं? कपलिंगमधला ताण ही डब्याच्या सांगाड्याची काळजी. आत बसलेल्याला फक्त त्वरण कळतं आणि ते विसाव्या डब्यातही तेच होतं. पण येताना त्याने दुसरा प्रश्न आणला होता: उतरताना काय?

उतरताना चिन्हं उलटतात. दर टनी ०.२६५ खाली ओढतात, विरोधाचे ०.०३५ आपल्या बाजूने येतात, रोखून धरायला उरतात ०.२३. एकट्या पुढच्या इंजिनाने गाडी थोपवायची म्हटली तर पहिल्या कपलिंगवर २३० किलोन्यूटन, तोही दाब. मग मी त्याला विचारलं, ब्रेक कुठे असतात? “प्रत्येक डब्याला,” तो म्हणाला आणि गप्प बसून वहीत लिहू लागला. ५० टनांच्या डब्याने आपले साडेअकरा किलोन्यूटन आपल्याच चाकांवर रोखले, तर मागच्याने पुढच्यावर रेलायची गरज नाही. त्याने वीसही कपलिंगांसमोर शून्य लिहिलं आणि वही मिटली.